पाठमोरा पैलवान

कोल्हापुरात बाळाच्या वजनाला खालची मर्यादा असते, वरची नसते. अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. मूल हिरव्यातून पिवळ्यात घसरलं की अंगणवाडीच्या ताई घरी येतात, शेजारणी सल्ले घेऊन येतात आणि आजी सुनेला विचारते, की पोराला नुसता वारा पाजतेस काय गं. हिरव्यातून वर निघालेल्या मुलासाठी मात्र कुणी येत नाही. आलंच तर मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला येतं. ज्या गावात पाहुणा ‘पुरे’ म्हणाल्यावर पांढऱ्या रश्श्याची वाटी भरते आणि ‘खरंच पुरे’ म्हणाल्यावर तांबड्याची, तिथे एखाद्या वस्तूवर ‘कमाल वजन १३ किलो’ असं छापून आलं तर तो घराण्याचा अपमान समजला जातो.

ही वस्तू म्हणजे लहान मुलांना गाडीत बसवायची सीट. गेल्या काही वर्षांत ती आमच्याकडेही दिसू लागली आहे. कुणाची मुलगी पुण्याहून बाळंतपणाला येताना आणते, कुणाचा जावई न्यू जर्सीहून मजल दरमजल करत उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरतो तेव्हा जावयाच्या आधी सीट बाहेर येते. कायद्याचंही पाठबळ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आलं: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना गाडीत असेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. हे कलम आमच्या मंगळवार पेठेत फारसं कुणी ऐकलेलं नाही. पोलीसमामा हेल्मेट बघतात, पीयूसी बघतात, नंबरप्लेटवरचा ‘दादा’ बघतात. आजीच्या मांडीवरचं बाळ दिसलं तर गाल ओढून ‘काय नाव रे तुझं’ विचारतात आणि गाडी सोडून देतात.

आमच्या शेजारच्या आबांच्या घरी नातवासाठी अशी सीट आली तेव्हा तिच्यावरून भरलेली परिषद जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपेक्षा फार लहान नव्हती. आबांचा ऊस करवीर तालुक्यात आणि जन्म गेला कारखान्याच्या काट्यावर संशय घेण्यात. त्यामुळे किलो हा शब्द ऐकला की त्यांचे कान टवकारतात. सीटच्या पाठीवर एक नारिंगी स्टिकर होतं. त्यावर गोलात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी ४ हा आकडा. कोणत्या देशाने सीट तपासून मंजूर केली, त्या देशाचा तो क्रमांक. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. आबांनी चष्मा वर करून विचारलं, “चार जण बसत्यात व्हय हिच्यात?” प्रश्न त्यांच्या अनुभवाला धरूनच होता. चैत्र यात्रेला जोतिबावर जाताना त्यांच्या पाच जणांच्या गाडीत किती मंडळी मावतात हे ज्याने बघितलं आहे, तो त्यांना हसणार नाही.

आकड्याखाली ‘० ते १८ किलो’ असं लिहिलेलं. इथपर्यंत सगळे खूश होते. अठरा म्हणजे बरीच ऐसपैस झाली. खरी गोम आतल्या पुस्तिकेत निघाली. सुनेने ती मोठ्याने वाचून दाखवली: मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून बसवायचं असेल तर १३ किलोपर्यंत, पुढच्या बाजूला करायचं असेल तर ९ ते १८ किलो. झालं! नऊ ते तेरा या चार किलोंच्या पट्ट्यात घर उभं दुभंगलं. सून तेराच्या बाजूची. बाकी सगळे नऊच्या. आबांचा मुलगा बायकोच्या बाजूचा होता, पण आईसमोर तो नऊ-साडेनऊ असं काहीतरी बोलायचा.

नऊवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. नऊला चालतंय तर तेरापर्यंत थांबायचं कशाला? आणि नऊ किलो येतात कधी, तर साधारण वर्षाचं मूल झालं की. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो आहे, मुलीचं ८.९. म्हणजे पहिला वाढदिवस, जावळ आणि तोंड पुढे करणं हे तिन्ही एकाच मांडवात उरकता येतं. कोल्हापूरकराला हा योग फार भावतो. एकदा मांडव घातलाच आहे तर चार कार्यं उरकून घ्यावीत, जेवणावळ एकच. आजीने तर भटजींना मुहूर्त विचारण्याची तयारी दाखवली. उष्टावणानंतरचा संस्कार म्हणून तिने तो मनात नोंदवलाही होता. मूल पुढे तोंड करून बसलं म्हणजे ‘मोठं झालं’, आणि अजून मागेच तोंड असेल तर शाळेत त्याच वर्गात ठेवल्यासारखी नामुष्की.

इथे मला तोंड घालावं लागलं. मला सीटमधलं जितकं कळतं त्याहून आबांना कुस्तीतलं जास्त कळतं, म्हणून मी तालमीतून शिरलो. कुस्तीत वजनगट असतात. पैलवान गटाच्या वरच्या टोकाला आला की त्याला वरच्या गटात ढकलायची घाई वस्ताद करतो का? उलट तराजूवर चढायच्या आदल्या दोन दिवसांत तो पोराला जाडजूड स्वेटर घालून पळवतो, पाणी तोडतो, जेवण तोडतो आणि वजन उतरवून त्याच गटात ठेवतो. कारण सत्तरच्या गटातला एकोणसत्तर किलोचा गडी म्हणजे त्या गटातला वाघ; तोच एकाहत्तरचा होऊन वरच्या गटात गेला तर तिथली शेळी. आपल्या खाशाबांचंच घ्या. राजाराम कॉलेजात शिकलेला हा गडी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तो फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोंच्या गटात, आणि सहावा आला. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक मिळालं ते बँटमवेटला, ५७ किलोंच्या गटात. गट बदलला म्हणून कुणी मिरवणूक काढली नव्हती, पदक आणलं तेव्हा काढली.

“आता ही सीट बघा,” मी म्हणालो. “मागं तोंड हा खालचा गट, पुढं तोंड हा वरचा. खालच्या गटाची शेवटची हद्द तेरा. आपलं पोरगं साडेनऊला आहे. अजून साडेतीन किलो ते या गटात वाघ आहे, आणि तुम्ही वाढदिवसाच्या पेढ्यासाठी त्याला वर ढकलताय.”

आबा थोडा वेळ गप्प बसले. वस्तादाच्या भाषेत सांगितलं की कोल्हापुरात गोष्ट निम्मी पटते. उरलेली निम्मी पटायला मात्र ‘का’ लागतं.

‘का’ मुलाच्या मानेत आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं. मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या हिश्श्याइतकं. एवढं मोठं डोकं ज्या मानेवर असतं, तिचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. एकेक मणका तुकड्या-तुकड्यांत असतो, मधे कूर्चा, आणि ते तुकडे सांधून एकजीव व्हायला तीन ते सहा वर्षं लागतात. गाडी समोरून धडकली की पट्ट्याने छाती धरली जाते, पण डोकं पुढे निघतं. त्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती मान. मूल पाठमोरं असेल तर तोच धक्का पाठ, खांदे, डोकं अशा सगळ्यांवर मिळून पसरतो. सीटची पाठ सगळं एकदम झेलते आणि मानेला एकटीला काही करावं लागत नाही.

ही युक्ती एका स्वीडिश प्राध्यापकाची, बर्टिल आल्डमन त्यांचं नाव. १९६४ च्या सुमारास त्यांनी पाठमोऱ्या सीटचा पहिला नमुना तपासला. कल्पना आली ती अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. उड्डाणाचा जोर पाठीवर पसरावा म्हणून ती माणसं उताणी पडून आकाशात जात. व्होल्वोने १९७२ मध्ये पाठमोरी सीट बाजारात आणली, आणि आजही स्वीडनमधली पोरं चार-चार वर्षांची होईतो मागे बघत प्रवास करतात. तिथल्या काही सीटांवर मागे तोंड करून २५ किलोपर्यंत चालतं. आबांना स्वीडनचं काही नवल वाटलं नाही. अंतराळवीर मात्र लागू पडला. “म्हंजे चंद्रावर जाणारा गडी पाठीवर झोपून जातोय, आनि आपलं पोरगं गगनबावड्याला जाताना छाती काढून?” एवढं ते स्वतःशीच म्हणाले.

आजीचे आक्षेप वेगळ्या जातीचे होते. पहिला: मूल उलटं बसलं तर तोंड दिसणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर मागच्या सीटच्या डोक्याला एक आरसा बांधतात, पण आरशात बाळाला बघणं आजीला पटेना. रात्रीचं तर मुळीच नाही. दुसरा: पाय दुमडतात. मूल दीडेक वर्षाचं झालं की त्याचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला लागतात आणि ते गुडघ्यात वाकतात; मग मोडतील की. आता मांडी घालून जेवायला बसणाऱ्या घरात गुडघा वाकल्याची काळजी कुणाला वाटावी? मुलं तर पाय वर करून अंगठा चोखतात. पायाला इजा होण्याचे प्रकार पुढे तोंड करून बसलेल्या मुलांतच जास्त घडतात, कारण धडकेत त्यांचे पाय समोरच्या सीटवर जाऊन आदळतात. तिसरा आक्षेप सगळ्यात भारी होता. जोतिबाला जाताना नातू देवाकडे पाठ करून बसणार! यावर शास्त्राधार कुठून काढावा हे कुणालाच सुचेना. शेवटी सूनच म्हणाली, “आई, जाताना पाठ होते, पण येताना वाडी रत्नागिरीपासून घाट उतरेपर्यंत तोंड देवाकडेच की.” आजीने हे दोनदा मनात घोळवलं आणि मग बाकीच्यांकडे अशा नजरेने बघितलं की तुमचंच तोंड परतीच्या वाटेवर कुठे असतं ते आधी सांगा.

खरं तर आजीची अडचण देवाशी नव्हती, मांडीशी होती. आमच्याकडे मूल बसवायची जागा म्हणजे आजीची मांडी. तिला वजनाची मर्यादा नाही, ना वरची ना खालची. पट्टा नाही, पुस्तिका नाही. वडापात बसा, एसटीत बसा, पाहुण्यांच्या गाडीत बसा, मांडी सगळीकडे सोबत येते. ‘मी घट्ट धरते की’ हे वाक्य मी इतक्या आज्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की त्याची शपथपत्रावर नोंद व्हायला हवी. म्हणून एकदा हिशेब मांडून बघितला. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोच्या बाळाला जागच्या जागी धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा जोर लागतो. महाराष्ट्र केसरीच्या गटातसुद्धा १२५ किलोच्या वर पैलवान घेत नाहीत. आजीला मात्र त्याहून पंधरा किलो जड जोडीदार एका हाताने थोपवायचा आहे, दुसऱ्या हातात प्रसादाची पिशवी असताना.

त्यात मांडी पुढच्या सीटवर असेल तर विचारायलाच नको. पुढची सीट हा मान आहे. नव्या गाडीतून अंबाबाईच्या दर्शनाला जाताना पुढे आजी आणि आजीच्या मांडीवर नातू, असा दंडक. त्या सीटसमोर हल्ली एअरबॅग असते. २०२२ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही जागांना ती सक्तीची आहे. ही पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि ती येते ती बुक्की मारत येते. म्हणून तिच्यासमोर पाठमोरी सीट कधीही ठेवायची नाही. एअरबॅग चालू असेल तर १३ किलो, १८ किलो असल्या आकड्यांना काही अर्थच उरत नाही. याची सूचना गाडीच्या कंपन्या उन्हाच्या झडपेवर चित्र काढून देतात: पाठमोरं बाळ, फुगलेली पिशवी आणि त्यावर लाल फुली. आमच्या गावात बहुतेक गाड्यांत या चित्रावर अंबाबाईचं किंवा जोतिबाचं स्टिकर चिकटवलेलं असतं. देवाची जागा बरोबर निवडलेली आहे, पण त्याच्याखाली काय लिहिलंय तेही एकदा खरवडून वाचायला हरकत नाही.

मुद्दा वजनाचा आहे, तर मुलाचं वजन नेमकं किती हे कळायला नको? इथे आबांचा पिंड जागा झाला. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण काटा दुसऱ्याचा. औषधाच्या दुकानातला काटा नाणं घेतो, म्हणून तो तर व्यापारीच झाला. शेवटी घरच्या काट्यावर आधी मुलासकट उभं राहायचं, मग मुलाशिवाय, आणि वजाबाकी करायची असं ठरलं. मुलगा कामावर, सून स्वयंपाकात, आबांना काट्यावर तोल सांभाळवेना. राहिली आजी. आजी काट्यावर चढली, मूल घेऊन उतरली, मूल ठेवून पुन्हा चढली, आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं वजन अख्ख्या बोळाला कळलं. मुलाचं वजन निघालं दहा किलो चारशे. आजी त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. चारशे ग्रॅम लंगोटाचे म्हणून आबांनी वजा करायला सांगितले. उसाच्या मोळीबरोबर पाला, वाढे, मुळ्या वजा होतात, तसं.

आणि सगळ्या गावाने वजनावर एवढी शक्ती खर्च केल्यावर सांगायचं राहिलंच, की बऱ्याच मुलांची पाठमोरी सीट वजनाने संपतच नाही. ती उंचीने संपते. सर्वसाधारण मुलगा तेरा किलोला पोचतो तो अडीच वर्षांच्या आसपास. लांबडं, किडकिडीत पोर त्याआधीच टाळू सीटच्या काठाला नेऊन भिडवतं. डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून इंचभर तरी खाली हवा, अशी अमेरिकेतली ठोकळ खूण आहे. पट्टेही बघायचे: पाठमोऱ्या मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत, पुढे तोंड केलेल्याच्या खांद्याच्या रेषेत किंवा वरून. वजन आणि उंची यांपैकी जे आधी भरेल ते खरं. युरोपवाल्यांनी वजनाच्या गोंधळाला कंटाळून २०१३ मध्ये आर-१२९ नावाचा नवा नियम काढला. त्यात सीट सेंटिमीटरवर निवडायची आणि पंधरा महिने पुरे होईपर्यंत तोंड पुढे करायचंच नाही, मग मूल कितीही गुटगुटीत असो. किलोंचा जुना नियम आर-४४, १९८० च्या दशकातला. त्यातल्या नव्या सीटा युरोपात १ सप्टेंबर २०२४ पासून विकता येत नाहीत. आपल्या देशातला नियम, एआयएस-०७२, मात्र त्याच किलोंच्या घराण्यातला आहे, त्यामुळे आपल्याकडची घरं अजून काही काळ नऊ-तेरावर भांडतील. उंचीचा नियम आमच्याकडे अधिक रुजला असता, असं मला वाटतं. मूल उंच झालं की दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारायची हौस प्रत्येक घरात आहेच. आणि उंची मोजताना आजीला काट्यावर चढावं लागत नाही.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. आबांची मुलगी न्यू जर्सीत. तिचं पहिलं बाळ झालं तेव्हा गाडीत सीट बसवली आहे ना, याची खातरजमा केल्याशिवाय दवाखान्यातून घरी सोडेनात. आबांनी ही गोष्ट ‘तिकडं बिल न्हाई, सीट बघत्यात’ अशी गावभर सांगितली. ती सुट्टीला आली तेव्हा तिची सीट सोबत. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: पाठमोरं, ५ ते ४०. आबांनी वाचलं आणि पेपर खाली ठेवला. “चाळीस किलो? चाळीस किलोचं पोरगं पाठमोरं बसवायचं? आता सातवीतलं पोरगं बी उलटं बसणार काय?” ते पौंड आहेत हे कळेपर्यंत त्यांनी शेजारच्या सातवीतल्या मुलाला बोलावून सीटमध्ये बसवून बघितलं होतं. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. तिकडच्या काही सीटा पन्नास पौंडांपर्यंत जातात, म्हणजे पावणेतेवीस किलो. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०११ मध्ये ‘दोन वर्षांपर्यंत पाठमोरं’ असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला आणि म्हटलं, सीटची वजनाची किंवा उंचीची हद्द येईपर्यंत तसंच बसू द्या. म्हणजे तेराच्या सीटवर तेरापर्यंत, अठराच्या सीटवर अठरापर्यंत. नेमकं हेच सूनबाई पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण तेच नणंदेने न्यू जर्सीहून आणलं तेव्हा ते घरात मंजूर झालं.

मंजुरीनंतर बसवण्याचा प्रश्न. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्स म्हणतात त्यांना. सीटचे दोन आकडे त्यात खटकन बसतात. आबांच्या गाडीत कड्या सापडेनात. शोरूममधून गाडी निघाली त्याच दिवशी हौसेने शिवून घेतलेल्या तपकिरी रेक्झिनच्या कव्हराखाली त्या गाडल्या गेल्या होत्या. कव्हरवाल्याला बोलावलं. त्याने एवढंच विचारलं, की कापू म्हणता? त्या कव्हरासाठी त्याने महिनाभर आधी माप घेतलं होतं. कापताना त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते पाहून मला वाटलं, याला आपण चहा पाजायला हवा. या कड्यांनाही वजनाची मर्यादा असते बरं का. आर-१२९ मध्ये मूल अधिक सीट मिळून ३३ किलो. सीट पंधराची असेल तर मुलाला अठरा उरतात. सीट भक्कम आणि जड घेतली तर मुलाचे किलो कमी होतात. आबांना हा हिशेब मात्र झटक्यात कळला. “म्हंजे ट्रॉली धरून वजन,” ते म्हणाले. काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

कड्या नसल्या तर गाडीच्याच पट्ट्याने सीट बांधता येते, आणि नीट बांधली तर तीही भक्कम बसते. हलवून बघायची, बुडाशी इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळायची. आमच्याकडे ही तपासणी पैलवानाने करायची नसते हे नंतर कळलं. आबांच्या पुतण्याने, जो मोतीबाग तालमीत जातो, सीट धरून असा काही हिसका मारला की पाठीमागची ढिली डिकी उघडली. सीट जागची हलली नाही. आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली, जशी गड्याच्या मारतात.

हे सगळं चारचाकीचं. कोल्हापूरचं बहुतेक बालपण अजून दुचाकीवरच जातं, आई-बाबांच्या मधे, तोंडाला रुमाल बांधून. तिथेही २०२३ च्या फेब्रुवारीपासून नियम आहे: चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याचं कवच, नऊ महिन्यांपासून पुढे डोक्याला हेल्मेट, आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आत. कवच ३० किलो पेलणारं हवं असं त्यात म्हटलं आहे. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी चाळीसचा वेग कुणी गाठू शकत नाही, त्यामुळे नियमाचा तेवढा भाग तरी आम्ही काटेकोर पाळतो.

आता आबांच्या नातवाला साडेतीन वर्षं झाली. तेरा किलोची जुनी सीट अडीच वर्षांतच अपुरी पडली आणि आत्याने न्यू जर्सीला परतताना तिची अठराची मागे ठेवली. पोरगं अजून पाठमोरंच बसतं, मांडी घालून, मागच्या काचेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत. किणीच्या टोलनाक्यावर मागच्या ट्रकचा ड्रायव्हर त्याचा दोस्त झाला आहे असं त्याचं म्हणणं आहे, आणि दर खेपेला ड्रायव्हर वेगळा असतो हे त्याला सांगायची कुणाची हिंमत नाही. आजी आता मागे त्याच्या शेजारी बसते. पुढच्या मानाच्या जागेवर आबांनी बिनविरोध हक्क सांगितला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला वजन होतं, आणि आता ते मूल एकटंच काट्यावर उभं राहतं. आकडा वाढला की आजी खूश होते आणि आबांच्या कपाळाला आठी पडते. या घरात मुलाचं वजन वाढल्याचं कुणाला वाईट वाटेल, हे मला खरं वाटलं नसतं.

परवा इचलकरंजीहून आबांच्या मेहुणीचा फोन आला. तिच्या नातीला बाळ झालं, तीन किलो दोनशे, तब्येत उत्तम. पाच मिनिटं बारशाचं बोलणं झालं आणि मग तिने सहज विचारलं, तुमच्याकडची ती पाठमोरी सीट रिकामी झाली असेल न्हवं, घेऊन जाऊ का?

आबांनी फोन कानापासून दूर धरला, सुनेकडे बघितलं. तिने तिथूनच बोटं दाखवली.

“अजून तीन किलो हाईत,” आबा म्हणाले.